आल्बर्टच्या टिफनीचं पाणी

आल्बर्टनं आपली विहीर बुजवून तिथं बिल्डिंग उभी केली, तेव्हाच मला कळलं होतं की कधीतरी हा माझ्या फाटकाशी येणार. आमच्या गिरीज गावात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी बँड लावून विहिरीवरून आणतात. आमच्या आळीत विहीर आता एकच उरली आहे, ती माझ्या केळीच्या वाडीत.

माझ्या बायकोला, मार्गारेटला, मज्जातंतूंचा आजार आहे. थंडीत ती चालते, भाकऱ्या भाजते, मला शिव्याही देते. उकाडा वाढला की पायातलं बळ जातं, डोळ्यांपुढं धुकं येतं. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा. मुलीनं एसी घेऊन दिला, पण विजेचं बिल आमच्या केळ्यांना झेपेना. गावच्या मदत मंडळानं यंदा अशा आजाऱ्यांची उन्हाळ्यातली बिलं भरायचं ठरवलं होतं. मंडळाचा अध्यक्ष आल्बर्ट.

मी अर्ज केला, तर भर सभेत त्यानं मला विचारलं, "नाताळात चर्चच्या अंगणात नाचत होती ती तुझीच बायको ना रे, आग्नेल?"

"तेव्हा थंडी होती."

"थंडी होती म्हणे! अरे, ऊन सगळ्यांनाच लागतं. उद्या माझी म्हैस पण एसी मागेल."

लोक हसले. मदत नाकारली गेली. आम्ही एसी बंद केला. एप्रिल संपता संपता मार्गारेट न्हाणीत पडली. तेव्हापासून तिला उचलूनच न्यावं लागतं.

मेमध्ये आल्बर्टच्या मुलीचं, टिफनीचं, लग्न निघालं. त्याचा फोन आला, "पाण्याला येतो."

"ये की," मी म्हणालो.

संध्याकाळी हॉलवर जेवण होतं, म्हणून ते भर दुपारीच आले. पुढं बँड, मागं घागरी घेतलेल्या बायका, मध्ये काळ्या सुटात आल्बर्ट. फाटकाला कुलूप होतं. बाहेर सावली नव्हती. तिथला आंबा त्यानंच बिल्डिंगच्या रस्त्यासाठी तोडला होता.

"आग्नेल, उघड रे!"

"चावी शोधतोय," मी ओट्यावरून म्हणालो. चावी माझ्या मुठीत होती.

बँड वाजवून वाजवून थांबला. आल्बर्टच्या कॉलरमधून घाम ओघळू लागला.

"मस्करी करतोस काय? जीव जातोय इथं!"

"ऊन सगळ्यांनाच लागतं, आल्बर्ट."

घागरीवाल्यांत मंडळाची खजिनदार कॅरल होती. ती फिसकन हसली. "म्हैस घरी ठेवलीस ते बरं केलंस हो!"

आल्बर्टनं फाटकाचे गज धरले आणि चटका बसून लगेच सोडले. "बरं बाबा, भरतो बिलं."

"मोठ्यानं बोल."

"मार्गारेटची बिलं मंडळ भरेल! झालं?"

"मी ऐकलं," कॅरल म्हणाली. "आज घरी गेल्या गेल्या पैसे पाठवते, आग्नेल. लाव तू एसी."

मी उठलो. खिडकीशी पडलेल्या मार्गारेटनं हाक मारली, "कुठं निघालास?"

"उघडायला."

"बायकांना आत घे. टिफनीनं काय केलंय? पण त्याला राहू दे तिथंच, कोट काढेपर्यंत."

मी बायकांना आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. विहिरीवर पहिली घागर भरली. आल्बर्टनं कोट काढून हातावर टाकला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी खिडकीकडं पाहिलं.

"आता टाय," मार्गारेट म्हणाली.