न उचललेलं बोट

रविवार नसताना सीदी तिजानी गाडीतळावर आले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे शाकिरने ओळखलं.

शाकिर डोंगरातल्या ऐन द्राहम गावापासून खाली समुद्रकाठच्या तबरकापर्यंत वडाप चालवायचा. गाडी भरायला दोन माणसं कमी होती, आणि तो बॉनेटला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. चढावरून म्हातारा येताना दिसला: अंगात तपकिरी लोकरीची कशाबिया, डोक्यावर लाल गोल टोपी, हातात कापडी पिशवी. शाकिरने बिया खिशात कोंबल्या. पंचेचाळिशी उलटली, दोन लेकींचा बाप झाला, तरी ही सवय काही सुटत नव्हती. तिजानी मास्तर फळ्याकडे तोंड करून लिहीत असत आणि शेवटच्या बाकावर कोणी बी फोडली, तर मागे न वळता त्याचं नाव घेत. गावात शाळा शिकलेला प्रत्येक जण त्यांना अजून सीदीच, म्हणजे गुरुजीच, म्हणायचा, आणि त्यांच्या कानांना अजून वचकून असायचा.

सीदींनी पिशवी बॉनेटवर ठेवली. आत दुर्बीण होती. जुनी, जड, कातडी पट्टा तीनदा शिवलेली.

"ही ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले.

"का? डोळे दुखतात का?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय. जंगलात जायला तोंड उरलं नाही. ज्याने पाखराचं घर मोडलं त्याने गळ्यात दुर्बीण अडकवून मिरवू नये, पोरा."

एवढं बोलून ते परत चढाला लागले. गाडीत बसलेली बाई ओरडली की अरे, निघायचं की इथेच मुक्काम करायचा? शाकिरने दुर्बीण उचलली. तबरकापर्यंतच्या सगळ्या वळणांवर ती शेजारच्या आसनावर इकडून तिकडे घरंगळत राहिली, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

पाखराचं घर कोणीच मोडलं नव्हतं. पाखरू होतं तिथेच होतं. हे साऱ्या गावात फक्त शाकिरला ठाऊक होतं, आणि तीन वसंत तो मूग गिळून बसला होता.

दर रविवारी पहाटे दोघं जंगलात जायचे. ही सवय शाकिर विशीत असल्यापासूनची. गावात काहींना वाटे, ही माणसं डुकरांच्या मागावर जातात आणि नुसती हात हलवत परत येतात, म्हणजे नेम अगदीच वाईट असणार. शाकिरची बायको तर म्हणायची, दुसऱ्यांचे नवरे बाहेर जाऊन निदान काहीतरी घेऊन येतात, माझा चिखल घेऊन येतो. तिला कसं सांगायचं की ओक वृक्षांखाली धुकं असताना नुसतं उभं राहण्यात काय आहे? आधी काहीच नसतं. मग कुठेतरी एक कस्तूर तोंड उघडतो, मग सुतार पक्षी हसल्यासारखा ओरडतो, आणि आंधळ्या धुक्यातून एकेक ओळखीचं माणूस दारात यावं तसं जंगल पुढे येतं. मग उन्हाची तिरीप आली की दुर्बिणी वर होतात. निळ्या टोपीचं वल्गुली पाखरू उलटं लटकून अळी काढतं, ती चिमुकली काळी नजर थेट आपल्या डोळ्यात येते, आणि आठवडाभराचे पेट्रोलचे भाव, पोलिसांची कटकट, सगळं कुठल्या कुठे जातं. शेवटी एखाद्या पडलेल्या खोडावर बसून ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली भट्टीची रोटी आणि थर्मासमधला गोड चहा. त्या चहाला जी चव असायची ती घरच्या चहाला कधी आली नाही.

सीदींचा एकच नियम होता. जंगलात कान लावून उभं असताना बोलायचं नाही. आवाज ऐकला की बोट वर करायचं. दुसऱ्यालाही ऐकू आला की त्यानेही करायचं. दोन बोटं वर झाली तरच तो पक्षी त्या दिवसाचा. एकट्याचं बोट म्हणजे भास. "एकटा माणूस स्वतःला हवं ते ऐकतो," असं ते सांगत. वीस-बावीस वर्षं पहिलं बोट नेहमी सीदींचं असायचं आणि शाकिरचं त्याच्या मागोमाग, धापा टाकत.

सगळ्यात शेवटी ऐकू यायची ती सुई. पक्ष्याचं खरं नाव पुस्तकात काहीही असो, सीदींनी त्याला सुई म्हणायला सुरुवात केली होती आणि दोघांत तेच रूढ झालं. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर केशरी पट्टा, डोळ्यावर पांढरी भुवई, आणि आवाज इतका बारीक की कापडातून सुई आरपार जावी. झऱ्याजवळच्या मोठ्या ओकांवर चढलेल्या आयव्हीच्या वेलात तो बारा महिने असायचा आणि वसंतात गायचा. पानांत तो डोळ्यांना कधी सापडत नसे. आधी कानाने पकडायचा, मग दुर्बिणीने. सीदींचा तो सगळ्यात लाडका. हिवाळा संपला आणि त्याची पहिली तान ऐकली की ते टोपी काढून डोकं खाजवत आणि शाळा सुटलेल्या पोरासारखे हसत.

मग झऱ्याजवळ सहलीचं मैदान करायचं ठरलं. बाकडी, चुली, गाड्या लावायला जागा. गावातले निम्मे लोक विरोधात होते, आणि सगळे सीदी काय म्हणतात याची वाट पाहत होते. सीदींनी खूप विचार करून सांगितलं, होऊ द्या. चार घरांच्या चुली पेटतील, मोठी झाडं तोडणार नाहीत, पाखरं सांभाळून घेतील. त्यांच्या शब्दावर काम झालं. झाडं खरंच तोडली नाहीत.

त्याच वसंतात, पहिल्याच रविवारी, ते दोघं झऱ्याशी उभे होते आणि डोक्यावरच्या वेलात सुई गायला लागली. शाकिर सवयीने सीदींच्या बोटाकडे बघत राहिला. बोट उठेना. सीदी मान किंचित कलती करून, डोळे मिटून शांत उभे होते. चेहऱ्यावर काही नाही. सुई पुन्हा गायली. शाकिरचं बोट अर्धं वर गेलं होतं. ते त्याने तसंच वळवून कान खाजवला.

का वळवलं? दया आली, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि तेच त्याला पुढे जास्त खात राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो सीदींच्या आधी ऐकत होता. नुसता आधी नाही, एकटा. त्या क्षणी छातीत काहीतरी फुगलं होतं. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली, पण फुगलं होतं हे काही पुसता येईना.

चहा पिताना सीदींनी सरळ विचारलं. "शाकिर, माझे कान गेले का?"

ते उगीच विचारत नव्हते. म्हातारपणी सगळ्यात आधी बारीक आवाज जातात, हे त्यांनीच शाकिरला कधीतरी शिकवलं होतं. त्यांनी तयारी करून विचारलं होतं. उत्तर ऐकायची हिंमत करून, कप खाली ठेवून विचारलं होतं.

"छे, सीदी," शाकिर म्हणाला. "मलाही नाही ऐकू आली. गायला लागली नसेल अजून."

त्याला वाटलं, एका रविवारचा प्रश्न आहे. पण खोटं एका रविवारी सांगितलं की ते दर रविवारी सांगावं लागतं. सुई गात राहिली, शाकिर तोंड पाडून मान हलवत राहिला, आणि सीदी हळूहळू त्या मैदानाकडे बघू लागले. दुसऱ्या वसंतात त्यांनी हिय्या केला: पक्षी हलला असेल, वरच्या कड्यावर शोधू. गुडघे धरून, दर वळणावर दम खात म्हातारा चढत होता, आणि मागे शाकिर. कड्यावरही सुई होती. एक नाही, दोन. सीदी त्यांच्या बरोब्बर खाली उभे राहून म्हणाले, "इथेही नाही रे." शाकिरने तेव्हा बूट बांधायचं निमित्त करून खाली वाकून घेतलं, कारण त्याचा चेहरा त्याच्या ताब्यात नव्हता.

या वर्षी, तिसऱ्या वसंतात, सीदी एकदाच आले होते. झऱ्याशी उभे राहिले, मैदानातल्या विझलेल्या चुली पाहिल्या आणि चहा न घेता परत फिरले. आणि आज दुर्बीण.

संध्याकाळी शाकिर ती परत करायला त्यांच्या घरी गेला. दार सीदींच्या बायकोने, लल्ला झोहराने, उघडलं. सीदी आत पडले होते. तिने शाकिरला अंगणातच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे हल्ली कोणाशी बोलत नाहीत. कॉफीला जात नाहीत. मैदानावर खाद्यपदार्थ विकणारी बाई सणाला गोड घेऊन आली, तर तिच्याशी धड बोलले नाहीत, आणि मग रात्रभर स्वतःवरच चिडत बसले.

"एका पाखरापायी माणूस असा होतो का रे?" ती म्हणाली. "मला म्हणतात, पोरांना चाळीस वर्षं शिकवलं की घरटं मोडू नका, आणि मी सगळ्यांच्या वतीने मोडून बसलो. आणि लक्ष तर कशातच नाही. भिंतीवरचं घड्याळ बारीक पीं पीं करत राहतं, हे त्याच्याखाली ढिम्म बसलेले."

तिला वाटत होतं, मन ठिकाणावर नाही. शाकिर उघड्या दारातून दिसणाऱ्या घड्याळाकडे बघत राहिला. त्याने दुर्बीण तिच्या हातात दिली नाही. रविवारी पहाटे यांना तयार ठेवा एवढंच सांगून तो निघाला. घरी जाऊन जेवणावर बसला आणि तसाच उठला. बायकोने विचारलं, गाडीला काही झालं का? तो म्हणाला, गाडीला नाही.

रविवारी सीदी आले ते झोहराने पिटाळलं म्हणून. झऱ्याशी पोचल्यावर शाकिरने दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, शेवटचं एकदा घाला, मग मी ठेवून घेतो. धुकं पातळ होत होतं. कस्तूर गायला, सीदींचं बोट उठलं, सवयीने, मन नसताना. शाकिरचंही उठलं. वल्गुली झाली. सुतार पक्षी झाला.

आणि मग सुई. समोरच्या खोडावर, माणसाच्या उंचीच्या जरा वर.

शाकिरने बोट वर केलं. पूर्ण, खांद्याच्या वर, कोणालाही दिसेल असं.

सीदींनी बोटाकडे पाहिलं. मान कलती केली. डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. मग भुवया उंचावून विचारलं: काय?

"सुई," शाकिर म्हणाला. जंगलात बोलायचं नाही हा नियम त्याने मोडला. "वेलात. जिथे खोड दुभंगलंय, त्याच्या डावीकडे."

सीदींनी इतक्या झटकन दुर्बीण लावली की टोपी मागे पडली. पानं, पानं, आणि मग त्यांचा श्वास अडकलेला शाकिरला ऐकू आला.

"आहे," ते पुटपुटले. "अरे, आहे की. केशरी पट्टा आहे. या मैदानाच्या उशाशीच आहे की रे हा बदमाश." दुर्बिणीखाली ते हसत होते. तीन वर्षांत शाकिरने ते हसू पाहिलं नव्हतं, आणि ते आता किती वेळ टिकणार हेही त्याला ठाऊक होतं.

"चोच उघडतोय," सीदी म्हणाले. "गळा फुगवतोय. पण गात का नाही?"

पक्ष्याने पुन्हा चोच उघडली, केशरी तुरा उभारला, अंग थरथरवलं. सीदींचं हसू हळूहळू उतरलं. दुर्बीण मात्र डोळ्यांवरच राहिली.

"गातोय," शाकिर म्हणाला. "पहिल्यापासून गातोय, सीदी."

"आज?"

"तिन्ही वर्षं. कड्यावरही गात होता."

सीदींनी दुर्बीण खाली केली. ते पडलेल्या खोडावर जाऊन बसले. शाकिरने टोपी उचलून झटकली आणि तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला. ती त्यांच्या हातात द्यायचं त्याला धाडस होईना. मैदानामुळे काही बिघडलं नव्हतं, तुम्ही कोणाचं घर मोडलं नाही, हे त्याने सांगून टाकलं. मला वाईट वाटलं तुमच्यासाठी, हेही सांगितलं. छातीत काय फुगलं होतं तेसुद्धा सांगितलं, कारण अर्धं सांगण्याचा आता कंटाळा आला होता.

सीदी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, चुलींकडे, बाकड्यांकडे, आणि मोठा श्वास सोडला; तेवढं एक ओझं उतरलं असावं. मग म्हणाले, "कान जाणारच होते. त्याचं काही नाही. पण मी तुला विचारलं होतं, पोरा."

शाकिर रडला. लपवलं नाही. सीदींनी त्याला रडू दिलं, मग थर्मास उघडून चहा ओतला आणि पहिला कप त्याच्यापुढे धरला. कप धरताना ते म्हणाले, पुढच्या रविवारी गाडीचा कर्कश हॉर्न दारात वाजवू नकोस, तो मला अजून ऐकू येतो. शाकिर रडता रडता हसला. त्याला वाटलं, सुटलो.

चहा संपवून ते वाट उतरू लागले. दुर्बीण सीदींच्या गळ्यातच होती. वळणावर कुठून तरी एक बारीक शीळ आली, खोडावर सरपटणाऱ्या छोट्या तपकिरी पाखराची. शाकिरने बोट वर केलं.

सीदी थांबले. त्यांनी बोटाकडे पाहिलं. शीळ त्यांना ऐकू आली नव्हती. तीन वसंत त्यांनी शाकिरच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. या वेळी त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. एक खोड पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं. घाई नव्हती त्यांना. शाकिर हात वर धरून उभा राहिला. खांदा भरून आला, बोट बधिर झालं, तरी त्याने ते खाली घेतलं नाही.

पाखरू दिसल्यावर सीदींनी आपलं बोट वर केलं.