शेपटीतली आकडी

जेवणाच्या सुट्टीत देवमनचा हात सवयीने विजारीच्या खिशाकडे गेला, आणि खिसा रिकामा निघाला.

हँगरच्या भिंतीवर अवजारांचा फळा होता. प्रत्येक अवजाराची आकृती त्यावर काळ्या रंगात काढलेली. विमान बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक अवजार आपल्या आकृतीवर परतलेच पाहिजे, हा अमरावतीच्या त्या खासगी उड्डाणशाळेचा नियम. फळा सकाळीही भरलेला होता आणि आताही भरलेला होता. देवमन तिथे विमानांची देखभाल करी, पण त्याची आकडी त्या फळ्यावर कधी नव्हतीच. अडचणीच्या जागी अडकलेली पिन ओढून काढण्यासाठी त्याने ती एका पोलादी सळईपासून स्वतः वळवून घेतली होती. घरचे अवजार हँगरमध्ये आणू नये, हाही नियमच. तो त्याला तोंडपाठ होता. पण आकडी हाताला इतकी बरी बसली होती, की नियम इतरांसाठी आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आता त्याला सारे आठवले. संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूस कात्री जमिनीवर ठेवीत नाही, कारण गवतात ती सापडत नाही. हाताशी येईल त्या फांदीला ती अडकवतो आणि पुढच्या कामाला लागतो. देवमन वरूडच्या बागेत वाढला होता. सकाळी विमानाच्या शेपटीतल्या कप्प्या तपासताना त्याने आकडी तशीच, पाहता न पाहता, कप्पीजवळच्या पट्टीला अडकवली होती. वैमानिक पायांनी दाबतो त्या सुकाणूची तार त्या कप्पीवरून जाते. मग त्याने झाकण बसवले, फळा पाहिला आणि विमान उडण्याजोगे असल्याची सही करून ते सोडले. जुईली नावाची विद्यार्थिनी ते घेऊन एकटीच अकोल्याला गेली होती. ती उतरल्याचा निरोप येऊन गेला होता. थोड्या वेळाने तेच विमान घेऊन ती परतणार होती.

तो शाळेचा व्यवस्थापक सौमित्र याच्या खोलीत धावत गेला.

"सायेब, जुईलीले उडू देऊ नका. शेपटीत माझी आकडी राहिली."

"तुमची? फळ्यावरची नाही?"

"नाही."

सौमित्रने प्रथम अकोल्याला फोन लावला. "इकडे हवा बिघडते आहे, जुईली. मी सांगेपर्यंत थांब," एवढेच तो बोलला. मग त्याने दार लावून घेतले.

"हे वरच्या निरीक्षकाला कळवलं तर तुमचा परवाना गेला. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. शाळाही त्याच वाटेने जाईल. जीप घ्या, शफीकला न्या. झाकण उघडा, वस्तू काढा, झाकण लावा. फळा भरलेला आहे, देवमन. हरवलं कुणाचं काय?"

"खोटं होते ना सायेब ते."

"खोटं बोला असं कोण म्हणतंय? बोलूच नका. तुमच्या धर्मात क्षमा आहे ना? रविवारी मागून घ्या."

देवमन लूथरपंथी ख्रिस्ती होता. त्याचे आजोबा बैतूलकडून बागेच्या कामाला वरूडला आले ते हा पंथ घेऊनच, आणि अजूनही महिन्यातून एकदा तिकडचे पाळक येऊन त्यांच्या ओसरीत प्रभुभोजन देत. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने पाळकासमोर बसावे, मनात काय खुपते ते सांगावे आणि मगच सकाळी भाकरीला हात लावावा, ही तिथली रीत. सौमित्रचा टोमणा लागला तो चुकीचा होता म्हणून नव्हे. क्षमा कमवावी लागत नाही, ती अगोदरच मिळालेली असते, हेच तर देवमनला लहानपणापासून शिकवले गेले होते. कबुलीने ती वाढत नाही, मौनाने घटत नाही. मग परवाना घालवायचा कशासाठी? ज्या श्रद्धेला टेकून तो आजवर उभा होता, तीच त्याच्यापुढे गप्प बसण्याची सोय मांडत होती. आणि त्या युक्तिवादात भोक कुठे आहे, ते त्याला सापडत नव्हते.

जीपने मूर्तिजापूर मागे टाकले. शफीक चालवत होता. हँगरमध्ये तो देवमनच्या हाताखाली काम करी.

"काहून तोंड पाडून बसला बे?"

"विचार करून राहिलो."

"नको करू. तुया विचारानं इंजिन गरम होऊन राहिलं."

"शनिवारी पाळकाले काय सांगू?"

"सांग का वस्तू हरवली होती, सापडली. सापडलेल्या वस्तूचं कोणतं पाप लागते?"

"अन् तुले कोणी विचारलं तं?"

"मी तं आकडी पाह्यलीच नाही. अजून सापडाची आहे, तरी पाह्यली नाही." शफीक हसला, मग हसणे आवरून म्हणाला, "देवमनभाऊ, तुयी सही गेली तं मले कोण ठेवते? माया सहीनं सायकलबी उडत नाही."

धमकी देणाऱ्याशी भांडता तरी येते. हा माणूस नुसता खरे बोलत होता.

अकोल्याच्या धावपट्टीवर लख्ख ऊन होते. जुईली पंखाच्या सावलीत बसली होती. देवमनने सरळ जाऊन शेपटीखालचे झाकण उघडले. आकडी होती. पट्टीवरून घसरून ती कप्पी आणि तार यांच्यामध्ये टेकली होती. आणखी थोडी सरकती तर तार कप्पीतून निसटती. त्याने ती काढून खिशात टाकली. शफीक तेवढा वेळ आकाशाकडे पाहत होता.

"काही मोडलंय का हो काका?" जुईलीने विचारले.

"नाही. पाहून राहिलो फक्त."

"हवेचं सर खोटं बोलले. आईला विचारलं मी, अमरावतीत ऊनच आहे. त्यांना माझं उतरणं कळलं, म्हणून तुम्हाला पाठवलं ना?"

"कसं उतरणं?"

"उजवा पाय दाबताच येईना मला. विमान पट्टीच्या कडेला गेलं. सर नेहमी म्हणतात, तुझ्या पायांत जीव नाही. खरंच आहे ते." ती उठून उभी राहिली. "बाबांना फोन केलाय मी. परत नाही उडणार. जीपमधून येते तुमच्यासोबत, आणि उद्यापासून हे बंद."

त्या युक्तिवादातले भोक इथे होते. देवापुढे त्याची चूक पुसली गेली असेलही. धावपट्टीवर ती पुसली गेली नव्हती. ती फक्त दुसऱ्याच्या नावावर चढली होती, आणि त्या दुसऱ्याने ती निमूटपणे आपली म्हणून स्वीकारली होती.

शफीकने मान हलवली. बोलू नको, असा त्याचा अर्थ होता.

देवमनने आकडी काढून तिच्यासमोर धरली. "पाय बरोबर होता पोरी. हे माझं आहे. सकाळी मी आत विसरलो. हे अडून राहिलं होतं."

जुईलीने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुपारी."

"आणि मला हवा सांगितली." ती उघड्या शेपटीकडे वळली. "मी मेले असते, काका."

देवमनने आकडी परत घेण्यासाठी हात पुढे केला.

"ही मी ठेवते," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

त्याने सौमित्रला फोन लावला. "सायेब, पोरीले सांगितलं. वरच्या निरीक्षकालेबी मीच सांगतो. झाकण मी लावत नाही. ज्याची सही चालते असा दुसरा माणूस पाठवा, अन् कारण सांगून पाठवा."

"तुमचं मन हलकं झालं असेल," सौमित्र म्हणाला. "वजन आमच्यावर टाकलंत." फोन बंद झाला. ते बोलणे अन्यायाचे नव्हते, म्हणून अधिक बोचले.

शफीकने जीप सुरू केली, पण देवमनकडे पाहिले नाही. "चाल."

"शेपटी उघडी टाकून कसा येऊ?"

"आता ते विमान तुयं राह्यलं का बे?"

"झाकण लागते तोवर पाहतो कोणी हात लावते का."

जीप गेली. सूर्य कलल्यावर चौकीदार वकार कुलूप घेऊन आला. कुंपणाच्या आत माणूस ठेवून फाटक लावता येत नाही, असे तो म्हणाला.

"मंग उघडं ठेव."

"उघडं ठेवलं तर माझी नोकरी जाते."

"तं लाव, वकारमियाँ. मी जाणार नाही. विमान उघडं आहे."

वकारने थोडा विचार केला आणि बाहेरून कुलूप लावले. देवमन चाकाला पाठ टेकून शेपटीखाली बसला आणि त्याने निरीक्षकाचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलीना. त्याने पुन्हा लावला.