तिसरं पान

सहलीचं ठिकाण कोण ठरवतं, असं त्या कंपनीत कुणालाही विचारा, तो वरच्या मजल्याकडे बोट दाखवणार. साहेब ठरवतात. साहेबांचाही तसाच समज होता. खरं तर ठरवायची ती जिन्याखालच्या खोलीत बसणारी एक बाई. तिच्या टेबलावर कायम कुठल्या तरी देशाचा नकाशा पसरलेला असायचा, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला नकाशाताई म्हणायचे.

कंपनी गाद्यांची. जगाला आडवं पाडण्यासाठी वर्षभर उभ्यानं राबलेल्या विक्रेत्यांपैकी पहिल्या चाळीस जणांना कंपनी जोडीनं पाच दिवस फिरवून आणायची. रोख बक्षीस नाही. रोख दिलं तर माणूस घराचं छप्पर नीट करतो आणि विसरून जातो. फिरवून आणलं तर फोटो भिंतीवर लावतो आणि पुढच्या वर्षी आणखी मर मर मरतो. हे साहेबांना कुठल्याशा व्याख्यानात कळलं होतं. व्याख्यान अर्थातच फिरायच्या ठिकाणी होतं.

नकाशाताई चौदा वर्षं हे काम करत होती आणि एकाही सहलीला गेलेली नव्हती. कुठल्या हॉटेलची लिफ्ट अडकते, कुठल्या खोल्यांना मागच्या स्वयंपाकघराचा वास येतो, हे तिला तोंडपाठ. ती लिफ्ट तिनं जन्मात पाहिलेली नाही.

कामाची रीत तिला तिच्या वरिष्ठानं शिकवली होती. कुठल्याही प्रश्नाला ‘बघूया’ एवढंच उत्तर देणारा तो गृहस्थ ऑफिसात बघूया याच नावानं ओळखला जायचा. रीत अशी: साहेबांपुढे तीन पानं ठेवायची. पहिल्या पानावर इतकं लांबचं आणि महागडं ठिकाण, की साहेबांनी म्हणावं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दुसऱ्या पानावर जिथे खरोखर जायचंय ते. तिथल्या खोल्या अर्ध्याअधिक बोलून ठेवलेल्या असायच्या. आणि तिसरं पान नाकारण्यासाठी. साहेब लोकांना नाकारायला काही दिलं नाही तर ते चांगलं तेच नाकारतात. म्हणून तिसरं पान रुक्ष हवं. चार ओळी, एक धुरकट फोटो, संपलं. चौदा वर्षांत साहेबांनी चौदा वेळा विचारपूर्वक दुसरं पान निवडलं होतं.

या वर्षी ती तिसरं पान लिहायला बसली आणि तिच्या दादाचा फोन आला.

दादा याच कंपनीच्या गाद्या विकायचा, दूरच्या एका कोरड्या गावात. बावीस वर्षं. कधी त्रेचाळिसावा, कधी एक्कावन्नावा, एकदा तर एक्केचाळिसावा; चाळिसांत कधीच नाही.

“बसलीयेस की उभी?” त्यानं विचारलं.

“बसलेय. का रे?”

“मग उभी राहा. अडतिसावा आलोय!”

ती खरंच उभी राहिली. पलीकडून वहिनीचा आवाज आला, “विचारा ना, कुठे नेणारेत?” आणि मागोमाग खोकला. चार वर्षांपूर्वी वहिनीची फुप्फुसं आखडायला लागली होती. जिन्याच्या दहा पायऱ्यांना दोन थांबे. डॉक्टर म्हणाले होते, हिला समुद्राकाठची हवा मानवेल. तेव्हापासून दादा म्हणत होता, नंबर येऊ दे, नेतो.

ठिकाण आधी फोडायचं नाही हा नियम होता. पण दुसऱ्या पानावर समुद्रच होता. तिच्याच्यानं राहवलं नाही.

“समुद्र गं वहिनी! खोलीच्या दारातून वाळूत पाय.”

“अगंबाई! मग मी पोहायला शिकते.”

“आधी जिना चढायला शीक,” दादा म्हणाला, आणि तिघंही हसली. त्यातलं एक हसणं लवकरच खोकल्यात गेलं.

फोन ठेवून ती पुन्हा लिहायला बसली ती त्याच आनंदात. तिसऱ्या पानावर साडेचार हजार मीटर उंचीवरचं एक तळं होतं. चार ओळी लिहायच्या होत्या, हात थांबेना. तिनं लिहिलं, इथे आकाश इतकं जवळ आहे की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. पहाटे पाण्यात डोंगर उलटे उभे राहतात आणि कुठला खरा हे बराच वेळ कळत नाही. फोटोही तिनं चांगला शोधला. दादाच्या नंबराचा सगळा आनंद तिनं त्या पानावर सांडला. हे पान नाकारायचं आहे, हेच तिच्या डोक्यातून गेलं.

बैठक सात मिनिटं चालली.

साहेबांनी पहिलं पान पाहिलं, डोक्याची चौकशी केली. दुसरं पाहिलं. हात तिथेच टेकणार होता, पण त्यांनी तिसरं उलटलं आणि चष्मा वर सरकवला. मग मोठ्यांदा वाचायला लागले. आवाज खाली येतो तिथे खरंच खाली आणला.

“कुणी लिहिलंय हे?”

“आपल्या टीमनं, साहेब,” बघूया म्हणाला. टीम म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली ती.

“आजवर आपण माणसं नेतो कुठे, तर वाळूत. लोळायला! गादीवाल्यांना आणखी किती लोळवायचं? या वर्षी त्यांना वर नेऊ. शिखरावर!”

जाहिरात खात्याच्या बाईनं लगेच ‘शिखरावर भेटू’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

“साहेब, उंची फार आहे,” नकाशाताई म्हणाली. “पहिले दोन दिवस धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं. आपले लोक पन्नाशीचे आहेत.”

“डोकं दुखलं तर आपल्या गादीवर झोपवा!” साहेब हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले. बघूया सगळ्यात शेवटपर्यंत हसला.

बाहेर आल्याबरोबर तिनं त्याला गाठलं. “आत जाऊन सांगा. ते नुसतं भरतीचं पान होतं म्हणावं.”

“काय सांगू? साहेब, चौदा वर्षं तुम्ही निवडत नव्हता, आम्ही तुम्हाला निवडायला लावत होतो, असं? मग उद्या तुझी जिन्याखालची खोली कुणाची, नि मी कुठे?”

“माझ्या वहिनीला इथे दहा पायऱ्या चढवत नाहीत हो.”

“अगं, डॉक्टरचा फॉर्म असतोच की. त्यात येईल सगळं. बघूया.”

“कधी?”

“बघूया ना.”

तिनं नियमांची वही काढली. जायचं तर जोडीनंच. मंचावर जोडीला बोलावतात, फोटो जोडीचा. ठिकाण बदलून मिळणार नाही, बदल्यात पैसे नाहीत, आपली जागा दुसऱ्याला देता येणार नाही. आणि जो जाणार नाही त्याचे मागच्या सगळ्या वर्षांचे साठलेले गुण शून्य. पुढच्या वर्षी पहिल्या गादीपासून सुरुवात. हे नियम वाचताना तिला स्वतःचीच भाषा ओळखू आली. नऊ वर्षांपूर्वी काही जण सहलीऐवजी पैसे मागायला लागले, तेव्हा त्यांचं तोंड बंद करायला साहेबांनी ते तिच्याकडूनच लिहून घेतले होते. चांगले लिहिले होते. एक फट ठेवली नव्हती.

तिनं दादाला फोन केला आणि तळ्याचं सांगितलं.

“समुद्र म्हणाली होतीस,” तो म्हणाला.

“हो. म्हणाले होते.”

“हिनं पिशवी भरायला काढलीये. शेजारणीकडून टोपी आणलीये, उन्हाची.”

“दादा, नको जाऊस. पुढच्या वर्षी पुन्हा...”

“शून्यापासून? मी चोपन्नाचा आहे. या वर्षी कसा अडतिसावा आलो तुला माहितीये? एका हॉस्टेलची तीनशे गाद्यांची ऑर्डर पडली ओंजळीत. असली हॉस्टेलं दर वर्षी उघडत नाहीत.”

“मग एकटा जा. मी विनंतीअर्ज करते.”

“नि फोटोत शेजारी काय, गादी उभी करू?”

तिनं अर्ज केला तरीही. तो तिसऱ्या दिवशी परत आला. वर तिनंच लिहिलेल्या नियमाचा क्रमांक घातलेला होता.

आठवड्यानं डॉक्टरी फॉर्म यायला लागले. चाळीस जोड्यांचे ऐंशी. ते कुणी वाचायचं नाही. मोजायचे, भोक पाडायचं, फायलीत लावायचे. दादा-वहिनीचे आले ते तिनं बाजूला घेतले. वहिनीच्या फॉर्मवर निळ्या शाईत होतं: पूर्ण तंदुरुस्त, श्वसनाचा कोणताही त्रास नाही. खाली शिक्का होता. दातांच्या डॉक्टरचा.

तिनं वहिनीला फोन लावला.

“पोचला का गं फॉर्म?”

“पोचला. वहिनी, हा दातांचा डॉक्टर आहे.”

“मग? दात चांगलेच आहेत माझे. बत्तीसच्या बत्तीस.” वहिनी स्वतःच्याच विनोदाला हसली आणि मग खोकला सुरू झाला. नकाशाताई फोन कानाला धरून तो थांबायची वाट पाहत राहिली. फार वेळ पाहावी लागली.

“तिथे तुला श्वास पुरणार नाही.”

“इथे कुठे पुरतोय?”

“अगं, तिथून इस्पितळ सहा तासांवर आहे. मी शोधलंय.”

“मग ते पानावर का नाही लिहिलंस?”

नाकारायच्या पानावर इस्पितळ कोण लिहितं?

“हे बघ,” वहिनी म्हणाली, आता हळू, मध्ये मध्ये थांबत. “बावीस वर्षं हा माणूस लोकांच्या दारात उभा राहिला. ‘आत्ता नको, नंतर या’, हेच ऐकलंय त्यानं. पहिल्यांदा कुणीतरी त्याला या म्हणतंय. आणि मी मधे आडवी पडू? माझ्या खोकल्यापायी त्याचं हेही जाऊ दे?”

“तो तुला घेऊन परत आला पाहिजे ना गं.”

“माझा श्वास माझा आहे. तुझ्या फायलीत लावू नकोस तो.”

फॉर्म दोन दिवस तिच्या टेबलावर पडून होते. भोक पाडलं की झालं, एवढंच काम. गप्प बसावं, तर वहिनी त्या तळ्याकाठी निळी पडलेली डोळ्यांपुढे यायची. अडवावं, तर दादा अंगणात उभा दिसायचा, शेजाऱ्यांना सांगून ठेवलेल्या सहलीचं काय झालं ते सांगत. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं लाल शाईनं लिहिलं: छातीच्या डॉक्टरचा दाखला जोडावा. आणि वहिनीचा फॉर्म परत पाठवला.

बघूयानं जावक नोंदीत ते पाहिलं. “सख्ख्या भावाच्या बायकोचा फॉर्म परत? अगं, तू वाचत कशाला बसलीस?”

छातीच्या डॉक्टरनं दाखला द्यायचा प्रश्नच नव्हता. उलट त्यानं वहिनीला घरात वापरायला प्राणवायूचं यंत्र लिहून दिलं. हे दादानंच सांगितलं, फोनवर, अगदी थंड आवाजात.

“तू माझी बहीण नसतीस तर बरं झालं असतं.”

“दादा...”

“दुसऱ्या कुणी तो फॉर्म वाचलाच नसता.”

“आणि ती परत आली नसती तर?”

“परत यायला आधी कुठेतरी जावं लागतं. ती आजवर कुठेच गेलेली नाही.” मग तो म्हणाला, “टोपी परत देऊन आलो.”

फोन बंद झाला. नंतर तिनं केलेले फोन त्यानं उचलले नाहीत. वहिनीनं एकदा उचलला, ‘यांना बरं नाहीये’ म्हणाली, आणि ठेवला.

मुदतीच्या दिवशी रद्द जोडीची नोंद करायची होती. संगणकावर कारणांची यादी उघडली: कामाची अडचण, घरचं कार्य, इतर. तिनं ‘इतर’वर बोट ठेवलं. अडतिसाव्या ओळीतलं दादाचं नाव गेलं, त्याच्या गुणांच्या जागी शून्य आलं, आणि खालची नावं एकेक पायरी वर सरकली. बावीस वर्षांना एवढाच वेळ लागला.

चाळिसांत नव्यानं आलेल्या माणसाला कळवायचं कामही तिचंच. फोन त्याच्या बायकोनं उचलला. आधी तिला खरं वाटेना. मग ती आतल्या कुणाला तरी ओरडून सांगायला लागली, मग रडायला लागली, मग रडता रडता हसायला.

“अहो, पण एकदम कसा लागला आमचा नंबर?”

“एक जागा रिकामी झाली.”

“कुणाची हो? देव त्यांचं भलं करो. आमचे आभार सांगाल त्यांना?”

“सांगते,” नकाशाताई म्हणाली.

“आणि ते डॉक्टरचं काय असतं? यांना जरा रक्तदाब आहे. चालेल ना?”

पलीकडे ती बाई उत्तरासाठी थांबली होती, आणि मागे तिचा नवरा मोठ्यांदा कुणाला तरी सांगत होता की शिखरावर जायचंय, शिखरावर.

“फॉर्म भरून पाठवा,” ती म्हणाली.

टेबलावर उरलेले अठ्ठ्याहत्तर फॉर्म होते. एकही न वाचता तिनं ते मोजले, भोकं पाडली आणि फायलीत लावले.