मॉस्कोला निघालेल्या माणसाची अमानत

जुमाकादिरनं दोन हिवाळ्यांत डोंगरखारीची इतकी चरबी प्यायली होती, की चोलोक-सू गावच्या कुत्र्यांना तो माणूस आहे की शिकार, हेच ठरवता येईना. तो रस्त्यानं निघाला की ती दहा पावलं मागून चालत. भुंकत नसत, नुसता विचार करत. चरबी झाली, कडू मुळ्यांचा काढा झाला, पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बाईनं पोटावर तापवलेला दगड ठेवून मंत्र म्हटले. दगड थंड झाला, बाई जेवून गेली, आणि पोटातली गाठ होती तिथंच राहिली. उलट तिनं बाळसं धरलं. अंगावरचं सगळं मांस तिनंच ओढून घेतलं असावं, कारण जुमाकादिरला कमरेच्या पट्ट्याला दर महिन्याला खिळ्यानं नवं भोक पाडावं लागत होतं.

एके काळी हा माणूस खिंडीतल्या रस्त्यावर बर्फ उपसायचं यंत्र चालवायचा. तीस वर्षं. एकदा त्यानं बर्फातून एक अख्खा मुल्ला बाहेर काढला होता, मांडी घालून बसलेला, हातात किटली, आणि किटलीतला चहा अजून कोमट. असं गावात सांगतात, आणि ज्यांनी तो चहा प्यायला ते तीन जण तर शपथेवर सांगतात. आता यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. बायको, बाकितगुल, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा एर्नाझार मॉस्कोत इमारती बांधत होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"आके, तब्येत कशी?"

"घोड्यासारखी," बाप म्हणायचा आणि फोन ठेवून भिंतीला कपाळ टेकून उभा राहायचा, कळ ओसरेपर्यंत.

जेवण तर सुटलंच होतं, हळूहळू झोपही सुटली. दिवसभर बोलायला कुणी नाही. घरात कपबशी वाजली तरी दचकायला होई. मार्च महिन्यात एका सकाळी, पट्ट्याला भोक पाडता पाडता, त्याच्या मनात आलं की हे आता थांबवावं. आपणच. पहिल्यांदा असं मनात आलं तेव्हा तो घाबरला. आठवडाभरानं त्याची भीती गेली, आणि हीच सगळ्यांत वाईट गोष्ट होती, पण हे त्याला सांगायला घरात दुसरं कोण होतं.

तो रीतीभातीचा माणूस. जाणाऱ्यानं आधी घरोघरी जाऊन सगळ्यांना राजी करायचं असतं: माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर मनात ठेवू नका, माझ्यावर राजी राहा. दूरच्या प्रवासाला निघालेलाही असंच म्हणतो. म्हणून त्यानं सांगायचं ठरवलं की आपण मुलाकडे मॉस्कोला चाललो.

आणि इथंच गडी फसला.

मॉस्कोला माणूस निघाला म्हटल्यावर चोलोक-सूमध्ये काय होतं, हे तो विसरलाच. पहिल्याच घरी तोकोबाय म्हणाला, "राजी आहे रे, शंभर वेळा राजी. माझी गाय तू बर्फात पुरलीस, तेही माफ." आणि लगेच बायकोला हाक मारली, "अगं, ते कुरुत आण. आपल्या पोराला पाठवू याच्याबरोबर." बायकोनं दह्याचे वाळवलेले गोळे आणले, चार किलो. बंदुकीत भरले असते तर लांडगे पळाले असते.

"तोकोबाय, सामान फार होईल मला..."

"चार किलो म्हणजे सामान? यंत्राचं चाक एकट्यानं उचलायचास ना?"

दुसऱ्या घरी घोड्याचं वाळवलेलं मांस. तिसऱ्या घरी लोकरीचे मोजे, सहा जोड, "एक जोड मुकादमाला दे, म्हणजे पोराला थंडीत ठेवणार नाही." एका म्हातारीनं नातवासाठी गावच्या ओढ्याचं पाणी दिलं, बाटलीत. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि हाती घेतलेली वस्तू म्हणजे अमानत. ती पोचवल्याशिवाय माणसाला मरायचीदेखील परवानगी नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. संध्याकाळपर्यंत अठरा घरं झाली, अठरा घरं राजी झाली, आणि जुमाकादिरच्या ओसरीत तीन पोती उभी राहिली. त्यांच्याकडे बघून तो हसायला गेला, तर पोटातून अशी कळ आली की तो पोत्यावरच बसला.

एकोणिसावं घर सायराकानचं. गावातल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायचं काम तिचं. सगळं गाव तिला एजे म्हणायचं, म्हणजे थोरली ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा ती अंगणात दोन छड्यांनी लोकर झोडत होती.

"एजे, माझ्यावर राजी हो. मॉस्कोला निघालोय."

"ऐकलं. कोणत्या वारी?"

"शुक्रवार असेल."

"असेल? विमान काय तुझा घोडा आहे, तू येईस्तोवर थांबायला?" छड्या चालूच होत्या. "काय काय दिलं लोकांनी?"

त्यानं यादी सांगितली. बाटलीतल्या पाण्यापर्यंत.

"आणि एर्नाझारला काय नेतोयस?"

जुमाकादिर अंगणातल्या कुत्र्याकडे बघू लागला.

छड्या थांबल्या. "अठरा घरच्या पोरांना खाऊ, आणि स्वतःच्या पोराला काही नाही." सायराकाननं त्याच्याकडे नीट पाहिलं, पट्ट्यापासून डोळ्यांपर्यंत. मग चहा घेणार का असं विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "मरायचं मनात आहे का तुझ्या?"

कुत्रं जवळ आलं, त्याचा हात हुंगून परत गेलं.

"आहे," तो म्हणाला. स्वतःच्याच आवाजाचं त्याला आश्चर्य वाटलं. "दुखतं फार, एजे. दोन वर्षं झाली. झोप नाही."

"बस."

तो लोकरीच्या ढिगाशेजारी बसला.

"मी राजी होत नाही," सायराकान म्हणाली.

"मरणाऱ्याला नाही म्हणू नये."

"मरणाऱ्याला कुठं म्हणतेय? तुला म्हणतेय. डॉक्टरकडे गेलास?"

"बाकितगुल गेली होती. तीन आठवड्यांत संपली."

"तिला मी आंघोळ घातली, जुमाकादिर. माझ्या हातांना ठाऊक आहे. ती गाठ तीन आठवड्यांची नव्हती. तुम्ही दोघं एकमेकांपासून लपवत बसलात, तेवढी जुनी होती. डॉक्टरनं फक्त नाव सांगितलं."

त्यानं लोकरीचा एक पुंजका हातात घेतला. मग रडला, पण फार नाही, कारण रडलं तरी पोट दुखायचं.

सायराकान त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेली. घरभर नजर फिरवली, भिंतीवरची रानडुकरांसाठीची जुनी बंदूक उतरवली, आपल्या शालीत गुंडाळली. "ही माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाली. मग पोत्यांकडे बोट केलं. "आता हे परत कर."

"तू कर ना. तुला सगळे मानतात."

"अमानत ज्यानं घेतली त्यानंच परतवायची. मी सोबत येते. गाढवही देते."

असा जुमाकादिर दोन दिवसांत दुसऱ्यांदा गावातून फिरला. तोकोबायच्या दारात त्यानं कुरुत खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॉस्को खोटं होतं. पोटात गाठ आहे. मी जीव द्यायला निघालो होतो."

तोकोबायनं कुरुत उचलून आत ठेवलं. मग त्यानं गळपट्टा सोडला. मानेवर अक्रोडाएवढा गोळा होता. "लबाड साला," तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं गावात मी एकटाच चरबी पितोय."

पाचव्या घरात एक बाई निघाली जिला वर्षभर थुंकीतून रक्त जात होतं. अकराव्या घरात कुणाच्या तरी डोळ्यापुढं पडदा. बुधवारी जिल्ह्याच्या गावच्या दवाखान्यात जी गाडी गेली, तिच्यात चौघं आजारी आणि सायराकान होती, आणि चरबीचा वास असा कोंडला की ड्रायव्हरनं उणे बारा अंशांच्या थंडीत खिडक्या उघडल्या. वाटेतल्या प्रत्येक गावातली कुत्री गाडीमागे धावली. शेवटी शेवटी म्हणे पन्नास होती.

तोकोबायचा गोळा निरुपद्रवी निघाला. बाईला सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. डोळ्यांवाल्याला शस्त्रक्रियेसाठी मे महिन्याची तारीख. जुमाकादिरला डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच ठेवून घेतलं. तरुण होत्या, खोटं बोलायला अजून शिकल्या नव्हत्या.

"दोन वर्षं का थांबलात?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते तिथं फार मूर्ख वाटलं असतं.

"गाठ काढता येईल असं मी म्हणत नाही. राजधानीत पाठवू, ते बघतील. पण दुखणं कमी करता येतं. ते तर पहिल्या दिवसापासून करता आलं असतं."

"आणि डोक्यातलं?" सायराकाननं दारातून विचारलं. "ते पण सांग बाईंना."

त्यानं सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं, पोटाइतक्याच काळजीनं, आणि त्यासाठी वेगळ्या डॉक्टरला बोलावलं.

दुपारी त्यानं मुलाला फोन केला. रविवार नव्हता.

"आके? काय झालं?"

"घोडा आजारी आहे," जुमाकादिर म्हणाला, आणि मग थट्टा सोडून सगळं सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. तो आवाज थांबला. एर्नाझार कुठंतरी आडोशाला गेला असावा.

"येतो मी," तो म्हणाला. "दहा दिवस लागतील सुटायला. थांबाल ना?"

बापाला हो म्हणायला वेळ लागला. पण म्हणाला.

सगळे गावी परतले. सायराकानलाही घरच्या मेंढ्या बघायच्या होत्या. वॉर्डात सहा खाटा, पाच रिकाम्या. औषधानं कळ दूर गेली, खिंडीपलीकडच्या यंत्रासारखी नुसती घरघर उरली. दोन वर्षांत पहिल्यांदा तो पाच तास झोपला. जागा झाला तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि कुणीच नव्हतं.

शुक्रवारी जेवणानंतर तो विचार परत आला. काही कारण नव्हतं. दुखतही नव्हतं फारसं. जुमाकादिरनं बोटांवर दिवस मोजले. एर्नाझार यायला आठ दिवस उरले होते, आणि आठ दिवस फार लांब दिसत होते.

मग त्यानं खाटेचा दांडा चमच्यानं वाजवला. नर्स आली, हाताला पीठ लागलेलं. मागच्या खोलीत ती रात्रीचा स्वयंपाक करत होती.

"काय हवंय, काका?"

"काही नको," तो म्हणाला. "ते पुन्हा आलंय मनात. असं झालं की कुणाला तरी सांगा, असं त्या दुसऱ्या डॉक्टरनं बजावलंय."

तिनं हात पुसले, शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसली. "सांगा मग," म्हणाली. "पीठ मुरायला ठेवलंय. घाई नाही मला."