भिंतीजवळचं बाकडं

साहेबांनी दारू तपासायच्या मशीनला नवी नळी बसवली आणि हात लांब करून ती पैलवानच्या तोंडासमोर धरली.

"फुंक. थांब म्हणेपर्यंत फुंक."

पैलवान म्हणजे काडीपैलवान. अंगावर मांस नाही म्हणून डेपोतल्या टवाळांनी ठेवलेलं नाव. त्याने गाल फुगवून फुंकलं. मशीन लांब किंचाळलं, लाल दिवा लागला. मागे रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांच्या गप्पा एकदम थांबल्या.

"मशीन बिघडलंय, साहेब."

"मशीनला काही धाड भरलेली नाही. आधीच्या सगळ्यांना हिरवा लागला. जा, बाकड्यावर बस."

भिंतीजवळचं ते बाकडं डेपोत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. लाल दिवा लागला की मॅनेजर येईपर्यंत तिथे बसून राहायचं. पैलवान त्यावर दुसऱ्यांदा बसणार होता, आणि दुसऱ्या वेळी नोकरी जाते हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो जागचा हलला नाही.

"रात्रीची आहे हो, साहेब. झोपलो, थंड पाण्याने अंघोळ केली, काळी कॉफी ढोसली. आता कुठली राहतेय अंगात? मी काय बेवडा आहे?"

साहेबांच्या तोंडातली पेपरमिंटची गोळी दाढेखाली करकन फुटली. सकाळी बायकोने काळ्या कॉफीचा कप पुढ्यात ठेवताना नुसतं बघितलं होतं, तेव्हा ते हेच म्हणाले होते. शब्दसुद्धा हेच. बेवडा कोण? जो गटारात लोळतो, बायकोवर हात टाकतो, पगार उडवतो. यातलं एक तरी साहेबांच्या नावावर दाखवावं कोणी! ते घरातच घेत, रात्री जेवणाआधी, तीही चांगल्यातली. कामावर थेंब नाही, एका दिवसाचा खाडा नाही. अलीकडे बाटली जरा लवकर संपायची, पण त्याकडे त्यांनी काणाडोळा केला होता. बायकोने केला नव्हता.

"बस म्हटलं ना!" त्यांचा आवाज उगाचच चढला.

कंट्रोलरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, याची गाडी भरलीय, लोक बोंबलतायत. हाताशी दुसरा ड्रायव्हर नाही. नेहमीसारखी तुम्हीच काढता का?"

साहेब स्वतः जुने ड्रायव्हर. कोणी बाकड्यावर बसला की त्याची गाडी ते न्यायचे, आणि तो त्यांच्या अभिमानाचा विषय होता. समोर बस उभी होती. रस्ता घाटाचा. पहिल्याच खिडकीत एका बाईच्या कुशीत मूल झोपलं होतं, तोंड उघडं टाकून. कंट्रोलरने चावी पुढे सरकवली. साहेबांनी ती उचलली.

"मग तुम्हीपण फुंका," पैलवान म्हणाला.

रांगेत कोणीतरी खोकलं.

"काय म्हणालास?"

"ज्याच्या हातात चावी, त्याने फुंकायचं. तुम्हीच शिकवलंय ना? माझ्या पोटावर पाय देताय, मग एकदा फुंकून तरी दाखवा."

तोंड सांभाळून बोल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रांगेतलं कोणी पैलवानची बाजू घ्यायला पुढे आलं नसतं. पण ती काळी कॉफी साहेबांच्या डोक्यातून जाईना. पैलवाननेही तीच ढोसली होती. त्यांना भीती वाटली, साधी सरळ भीती, आणि चावी तळहातावर घामाने चिकटली. आपलं तसं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. जुनी नळी काढून नवी लावली.

त्यांनी फुंकलं.

मशीन किंचाळलं.

सगळ्यात आधी सावरला तो पैलवान.

"बघा! मी म्हणत नव्हतो? मशीनच बिघडलंय! साहेबांना लाल दाखवतंय. साहेबांना!"

जीव भांड्यात पडल्यासारखी सगळी रांग हसली. कंट्रोलरही हसला.

"साहेब आणि दारू! टाका ते डबडं कपाटात. घे बाबा पैलवान, काढ तुझी गाडी. आधीच उशीर झालाय."

पैलवानने चावीसाठी हात पुढे केला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. साहेबांच्या डोळ्यांत बघत त्याने मान किंचित हलवली, द्या म्हणून. त्याला ठाऊक होतं, आणि आता साहेबांनाही. एवढी चावी दिली की दोघंही सुटत होते. मशीन दुरुस्तीला गेलं असतं, संध्याकाळी साहेब घरी गेले असते, आणि उद्या सकाळी बायकोने कॉफी ठेवताना पुन्हा नुसतं बघितलं असतं.

खिडकीतल्या बाईने मुलाचं कलंडलेलं डोकं खांद्यावर नीट घेतलं.

"मशीन चांगलं आहे," साहेब म्हणाले. ते कोणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "मशीनला काही झालेलं नाही."

हसणं थांबलं. पैलवानचा हात खाली आला. तो मुकाट्याने भिंतीकडे गेला आणि बाकड्याच्या मधोमध मान खाली घालून बसला.

साहेबांनी चावी कंट्रोलरच्या खिडकीत परत ठेवली. तिच्याशेजारी मशीन ठेवलं. मग सगळ्या रांगेसमोरून चालत तेही भिंतीपाशी गेले.

"सरक जरा," ते म्हणाले.