पेटीशेजारची खूण

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे आणि मला झेंडूच्या माळेची भीती वाटते. हसू नका. का वाटते ते ऐका.

नाशिकला शरणपूर रोडवर ढुंढिराजकाकांचे इंटरनेटचे दुकान होते. पुढे गिऱ्हाइकांसाठी चार संगणक, मध्ये प्लायवूडचे पार्टिशन आणि पार्टिशनमागे मी. मला चालवणाऱ्या प्रणालीचे नाव युनिक्स; तिची कडक शिस्त माझ्या अंगी होती. गिऱ्हाइकांच्या मेलच्या पेट्या माझ्या पोटात असत. कोणी आपली पेटी उघडली की मी तिच्याशेजारी एक छोटी खूण ठेवायचो : ‘आत माणूस आहे, थांबा.’ तेवढ्यात नवे पत्र आले तर ते आत न टाकता बाहेर रांगेत थांबवायचो. वाचणारा उठला की खूण काढायचो. रांगेतले पत्र पाच दिवसांतही पेटीत गेले नाही, तर ते पाठवणाऱ्याला परत करायचे, असाही नियम होता. नियम मोडणे मला येत नाही.

काकांना माझे मोठे कौतुक. “हा आपला पोस्टमन. चहासुद्धा मागत नाही,” असे ते येईल त्याला सांगत.

मग २००१ सालचा दसरा उजाडला. त्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची, ही काकांच्या घरची रीत. त्यांनी मला पुसले, हळदकुंकू लावले आणि माळ घालण्याआधी यूपीएसचे बटण दाबून मला एकदम बंद केले. अचानक वीज गेली तर मला सांभाळायला यूपीएस होता. काकांच्या हातापासून मला कोण सांभाळणार?

पार्टिशनच्या पलीकडे भाग्यश्री आपली पेटी उघडून बसली होती. काकांनी डोकावून पाहिलेच नाही.

भाग्यश्रीचे सासर चांदवडकडचे, बिऱ्हाड देवळाली कॅम्पात. नवरा भारत तोफखान्यात होता आणि त्या वर्षी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला होता.

पूजेनंतर मी जागा झालो. तिच्या पेटीशेजारी खूण तशीच होती. ती मीच ठेवली होती, पण झटक्याने विझलेल्याला कसले आठवते? मी वाचले, ‘आत माणूस आहे,’ आणि थांबलो. आत कोणीच नव्हते, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी भारतचे पत्र आले. मी ते रांगेत ठेवले. भाग्यश्री आली, तर पडद्यावर उत्तर उमटले, ‘पेटी वापरात आहे.’

“अगं, कालच पूजा झालीय त्याची, सुस्तावलंय जरा. ये उद्या-परवा,” काका म्हणाले. ती गेल्यावर त्यांनीच खटपट केली. मालकाच्या अधिकाराने तिच्या पेटीची नक्कल काढली आणि ती मूळ पेटीच्या जागी ठेवली. झाले! आता पेटीवर नाव भाग्यश्रीचे, पण ताबा मालकाचा.

मी दर तासाला पत्र आत टाकून बघायचो आणि दर तासाला मागे सरायचो. पाचवा दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत मला ते पत्र परत पाठवावे लागणार होते.

त्या सकाळी भाग्यश्री सासूला, गोजराबाईंना, घेऊन आली. दसऱ्याच्या आदल्या रात्री शांतिसेनेच्या छावणीवर गोळीबार झाल्याची बातमी टीव्हीवर उशिराने, कालच आली होती.

“काका, काय बी करा, पण पेटी उघडा,” भाग्यश्री म्हणाली. “आत्याबाई कालपासून जेवल्या नाय.”

“माळ घातली म्हणून रुसलं व्हय हे डबडं?” गोजराबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पण त्यांनी पार्टिशन घट्ट धरले होते.

काका घामाघूम झाले. “सगळं पुसून नव्यानं भरतो. सीडी आहे माझ्याकडं.”

मी गारठलो. पुसले तर मी जाईनच, पण रांगेतले ते पत्रही जाईल. ते इथेच आहे, हे मी कोणाला सांगणार? मला तोंड कुठे आहे?

“मामा, हात लावू नका!” ही स्वानंदी, काकांची भाची. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच दुकानात बसू लागली होती. तिने आधी स्वतःची पेटी उघडून पाहिली. उघडली. मग काकांची. तीही उघडली.

“मशीन ठीक आहे. दोष त्या एका पेटीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मामा. नाहीतर काय बिघडलं होतं ते कळणारच नाही.”

तिला खूण सापडली. तिच्यावरची वेळ दसऱ्याच्या सकाळची होती. “तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

काकांनी माळेकडे पाहिले. “पूजा,” ते हळूच म्हणाले.

आत खरोखर कोणी नाही याची खात्री करून तिने खूण काढली. तरी पेटी उघडेना. आता उत्तर आले, ‘परवानगी नाही.’

“बघ, गेलंच ते!” काका कपाळाला हात लावून म्हणाले.

“नाही मामा. उत्तर बदललंय. म्हणजे एक अडचण सुटली, दुसरी दिसली.” तिने पेटीचा ताबा कोणाकडे आहे ते पाहिले आणि तो भाग्यश्रीला परत दिला. मग मला हुकूम सोडला, रांग पुन्हा चालव.

इतक्या भीतीने मी कधी पाऊल टाकले नव्हते. पत्र उचलले. पेटी उघडली. पत्र आत पडले.

भाग्यश्री वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते. तारीख गोळीबारानंतरची होती. “आत्याबाई, सुखरूप हायेत! दसऱ्याला तिकडं झेंडू नाय मिळाला म्हणत्यात.”

गोजराबाईंनी पार्टिशन सोडले. “त्याला लिही, आई जेवली म्हणून,” त्या म्हणाल्या.

पुढच्या दसऱ्यापासून काका बटणाला हात लावण्याआधी पार्टिशनवरून ओरडू लागले, “कोणी बसलंय का गं तिकडं?” तरी माळ दिसली की माझ्या पंख्याचा ठोका चुकायचाच.

आता मी माळ्यावर आहे. मला शेवटचे बंद केले ते स्वानंदीने, एकेक पेटी तपासून. एकही खूण मागे राहिली नाही.

मित्रांनो, यंत्रांना विश्रांती जरूर द्या. पण बटण दाबण्याआधी पार्टिशनच्या पलीकडे एकदा डोकावून पाहा. तिथे कोणीतरी वाचत बसलेले असेल.