अळणी महिना

“पाणी सोडताना मुदत मोठ्यानं बोल गं मालन. देवाला अंदाज करायला लावू नये.”

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी तुळशीपुढे हात जोडले की त्यांचा हा आवाज मालनच्या कानाशी यायचा. आज तो जरा रागावलेला वाटला. यंदा ती मुदत बोललीच नव्हती.

तिचा नवरा धाकू दहा वर्षं पलटणीत काढून रिझर्व्हात आला होता. म्हणजे अकरा महिने कोलशेतच्या मिठागरात काम आणि दसरा झाला की एक महिना पुण्याच्या छावणीत कवायत. आगरातल्या बाया हसायच्या, “मालनचा दादला म्हयन्याचा शिपाय.” तो महिनाभर मालन त्याच्यासाठी व्रत धरून अळणी जेवायची. सगळीकडे मिठाच्या राशी, आणि हिच्या पानात चिमूट नाही. दिवाळीच्या कडबोळ्यांतसुद्धा हिची चार वेगळी.

गेल्या वर्षी घोटाळा झाला. तिचा महिना तिथींचा, सरकारचा तारखांचा. तिचा आधी पुरा झाला. तिनं मिठाचं पिठलं खाल्लं आणि त्याच दिवशी तिकडे कवायतीत धाकूचा पाय मुरगळला. तिला कुणी काही बोललं नाही. पण यंदा तिनं ओंजळीतलं पाणी सोडलं ते ‘हे घरी येईपर्यंत’ असं म्हणून. तारीख नको, तिथी नको.

कार्तिकी एकादशी होऊन गेली. सरकारचा महिनाही भरला. चौथ्या दिवशी दुपारी अंगणात बुटांचा आवाज आला आणि ती पदर सावरत धावली. दारात उत्तम उभा होता. कल्याणचा उत्तम, धाकूच्याच तुकडीतला. गाडीनं घरच्या गावावरून पुढं येऊन, ठाण्याला उतरून, तिथून चालत आलेला.

तिनं त्याच्या मागं पाहिलं. वाट रिकामी होती.

“धाकू खुशाल आहे, वहिनी,” तो आधी तेच बोलला. “पाणी द्या वाईच.”

पाणी पिऊन त्यानं तांब्या खाली ठेवला. “पलटण सरहद्दीवर निघाली. धाकूला पुरतं पलटणीत घेतलंय, तीन वर्षांसाठी.”

“हुकूम झाला?”

“हुकूमच की. सरकारचा हुकूम, आपण काय करणार.”

मालननं त्याच्यापुढे गूळ ठेवला. “मग तुम्ही कसे आलात, भाऊजी?”

आवाजात राग नव्हता. म्हणूनच उत्तमला मान वर करता येईना.

“साहेबानं सगळ्यांना रांगेत उभं केलं,” तो म्हणाला. “म्हणाला, ज्यांना पुरतं पलटणीत यायचं त्यांनी एक पाऊल पुढं. मला माझी कलावती दिसली, पोरं दिसली. मी नाही टाकलं. धाकूनं टाकलं. सगळ्यांच्या आधी.”

मालन खाली बसली. तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. दरवर्षी परतल्यावर तो लाल डगला घडी घालून पेटीत ठेवायचा, पेटी लावायचा, आणि दोन-चार दिवस आगरात गेल्यावर पुन्हा उघडून बघायचा. तेव्हा ती चुलीशी बसून नुसती पाहायची. माणूस जवळ असताना त्याची वाट पाहणं तिनं तिथंच शिकून घेतलं होतं.

“काही निरोप दिलाय?”

“दिलाय. म्हणाला, तिला सांग, आगरातली माझी जागा जाऊ देऊ नकोस. मी परत येणार तो त्याच वाफ्यांवर.”

“परत येणार म्हणाले?”

“दोनदा म्हणाला.”

“मग कागद धाडाल तेव्हा लिहा,” मालन म्हणाली, “राखते म्हणून.”

शेजारच्या गंगुबाईनं हे ऐकलं आणि तिला धरून ठाण्याला देवळात नेलं. “तीन वर्सां अलनी खाशील? मरशील गो. भटजीला इचार, तो सोडवील.”

भटजी म्हातारे होते, मऊ बोलणारे. “बाई, दरवर्षीसारखा महिनाच मनात होता ना? मग व्रत पुरं झालं. उद्यापन करा, जेवा.”

मालननं डोळे मिटून आठवून पाहिलं. “नाही हो काका,” ती म्हणाली. “महिना तोंडात असायचा. मनात ह्यांचं येणंच असायचं.”

भटजींनी तिच्या हातावर तीर्थ घातलं. गंगुबाई मात्र घरापर्यंत बडबडत आली.

आगरात बांधबंदिस्ती सुरू झाली होती. मुकादम नाथा बांधावर उभा होता.

“धाकूचे वाफे? दुसऱ्याला द्यावे लागतील. मीठ कुनासाठी थांबतं का?”

“मी करते.”

“तू? बायांनी पाट्या वाहायच्या. वाफा तुडवायचा म्हंजे घोट्याएवढा चिखल, दिवसभर. आनि तू म्हने अलनी खातेस. उन्हात घेरी येल, तुला उचलाला मना दोन मानसं लागतील.”

“घेरी आली तर बांधावर बसेन. वाफे ह्यांच्या नावावर राहू द्या, नाथादादा.”

नाथानं तिच्याकडे, मग खाडीकडे बघितलं. “नाव त्याचंच ऱ्हाईल मग. हजेरीला मी ‘धाकू’ अशी हाक मारनार. ओ तुला द्यावी लागंल, चार मानसांत. नाय दिलीस तर वाफा गेला.”

मालनचे कान तापले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ते नाव तिनं उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. त्या नावाला ओ देणं तर त्याहून अवघड होतं.

“देईन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं तुळशीला पाणी घातलं, अळणी पेज प्यायली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून दार ओढून घेतलं. ओहोटी लागली होती. वाटेवर अजून कुणी नव्हतं. चालता चालता तिनं अगदी हळू, स्वतःलाच ऐकू येईल न येईल असं म्हणून पाहिलं, “ओ.” थोडं पुढं गेल्यावर आणखी एकदा, जरा मोठ्यानं.